गेनूभाऊंचा उतार

आमच्या गल्लीतून बाजाराकडे उतरायचं असेल तर गेनूभाऊंच्या दारापाशी थांबावं लागतं. तसा कायदा नाही. नगरपालिकेला विचारलंत तर ती कानावर हात ठेवील. पण थांबावं लागतं. डोक्यावर लाकडाची मोळी असो, कडेवर मूल असो, नाहीतर बुडाखाली सायकल असो. गल्लीचा खडा उतार जिथे लागतो, नेमकी तिथेच गेनूभाऊंची एकखणी खोली आहे. खोलीपुढे दगडी जोतं आहे आणि जोत्यावर गेनूभाऊ. माणूस उताराच्या तोंडाशी आला की ते डावा हात आडवा धरतात.

“आदी थांब.”

माणूस थांबतो.

“ताबा हाय का?”

“हाय, भाऊ.”

“मग जा.”

एवढंच. हात खाली येतो, माणूस उतरतो, गेनूभाऊ पुन्हा तंबाखू मळू लागतात.

गावातली माणसं याला सरावली आहेत. करवंदांच्या पाट्या घेऊन येणाऱ्या ठाकरणी तर लांबूनच “ताबा हाय, ताबा हाय” असं ओरडत येतात, म्हणजे थांबण्याचा वेळ वाचतो. पण गेनूभाऊ तेवढ्यावर सोडत नाहीत. “शिट्टी दिली म्हनून थांबायचं चुकत न्हाई,” म्हणतात. तुंगार्लीच्या बंगल्यात राहणारी एक म्हातारी पारशीण रोज टांग्यातून फिरायला निघते. तीही थांबते आणि आता जाऊ का म्हणून आतून आपल्या गुजरातीत विचारते, “ए गेनू, हवे जाऊं?” गेनूभाऊ बाईंकडे बघतसुद्धा नाहीत. घोड्याकडे बघतात, मग मान हलवतात. मी एकदा म्हटलं, “अहो, बाईंना बरं वाटेल असं तरी बघा.” तर म्हणाले, “बाईचा ताबा कुटं हाय टांग्यावर? घोड्याचा हाय.”

चिडतो तो नवा माणूस. एकदा कुठून तरी बदलून आलेले फौजदार सायकलवरून आले. गेनूभाऊंचा हात आडवा झाला.

“मी कोण आहे माहीत आहे का?” फौजदारांनी एक पाय टेकून विचारलं.

“खाली गेल्याव कळंलच,” गेनूभाऊ म्हणाले आणि हात काढून घेतला.

खाली वळणावर निवडुंगाचं कुंपण आहे. फौजदारांच्या अंगातले काटे काढायला कंपाउंडरला अख्खी दुपार लागली. तेव्हापासून पोलीसही थांबतात.

औंढ्याला, गेनूभाऊंच्या गावी, त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, तेव्हा मी गेलो होतो. नवरदेव घोड्यावर, पुढे वाजंत्री, आणि देवळाकडून मांडवाकडे जाताना लहानसा उतार. गेनूभाऊ घोड्यापुढे आडवे. मुहूर्ताची घटका भरत आलेली, भटजी मांडवातून हाका मारताहेत, सनईवाल्याच्या गालातला वारा गालातच अडकलेला.

“गेनू, बाजूला व्हय रं!” नवऱ्याचा बाप, म्हणजे गेनूभाऊंचा भाऊ, ओरडला.

“तुला न्हाई इचारत. नवऱ्याला इचारतुय. ताबा हाय का रं?”

मुंडावळ्यांच्या आडून नवरदेव बारीक आवाजात म्हणाला, “हाय, तात्या.”

“मग जा. आन् फुडंबी ठेव.”

त्या पोराचा संसार चांगला झाला. त्याचं श्रेय गेनूभाऊ अजून स्वतःकडेच घेतात.

हे वेड आलं कुठून, ते सांगायला हवं. गेनूभाऊ रेल्वेत पॉइंटमन होते, आणि तेही बोरघाटात. घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक सुटला तर ती खाली जाऊन आपटू नये म्हणून रुळांना मध्येच एक फाटा काढलेला असतो. तो फाटा उतरत नाही, उलट डोंगरावर चढतो. सुटलेली गाडी त्यावर गेली की चढावर दमून आपोआप थांबते. रुळांचा खटका कायम त्या फाट्याकडेच लावून ठेवायचा. म्हणजे प्रत्येक गाडी सुटलेलीच आहे असं धरून चालायचं. गाडीनं यायचं, उभं राहायचं, शिट्टी द्यायची. ती ताब्यात आहे अशी खात्री पटली की मग पॉइंटमननं खटका ओढून तिला सरळ वाट द्यायची. गेनूभाऊंनी सगळी नोकरी हेच केलं. ऊन, धुकं, आषाढातला पाऊस, सगळ्यांत एका खोपटात उभं राहून.

“कधी आली का हो अशी सुटलेली गाडी?” मी एकदा विचारलं.

“एकबी न्हाई.”

“मग एवढी वर्षं केलंत काय?”

“ती आली न्हाई, ह्येच केलं.”

आता माझ्याविषयी सांगणं भाग आहे. मी आजवर टाळलं. मी मुळात कमी बोलणारा, आणि जे सांगायचं आहे त्यात माझी शोभा नाही.

मी लोणावळा स्टेशनात तिकीटबाबू. रेल्वेच्या चाळीत राहतो, गेनूभाऊंच्या खोलीपासून चार घरं वर. घाटात विजेची इंजिनं येऊन चांगली रुळली होती त्या सुमाराची ही गोष्ट. माझा उजवा खांदा धरला. कशानं, ते अजून सांगता येत नाही. पडलो नाही, ओझं उचललं नाही. एका सकाळी कोटाची बाही चढेना. मग जानवं कानाला अडकवताना हात कानाकडे जाण्याऐवजी कान हाताकडे न्यावा लागू लागला. पाठीला खाज सुटली तर मी दाराच्या चौकटीला म्हशीसारखी पाठ घासायचो. वैद्यांनी नाडी बघून ‘अपबाहुक’ असं नाव दिलं. नाव कळल्यानं आमच्या घरच्यांना बरं वाटलं. खांद्याला काही वाटलं नाही.

नोकरीत खरी पंचाईत झाली. तिकिटांच्या कपाटात जवळच्या गावांची तिकिटं खाली आणि लांबची वर असतात. मळवली, कामशेत, वडगाव ही हाताशी. मुंबईचं वरच्या खणात. मुंबईचा प्रवासी आला की मी खुर्चीवर चढायचो. खिडकीबाहेरची रांग हसायची. भाजे गावचा एक शेतकरी तर दयेनं म्हणाला, “बाबू, हात पोचत नसंल तर खंडाळ्याचंच द्या. फुडचं फुडं बगू.”

शेवटी मुंबईला एका इस्पितळात क्लोरोफॉर्म देऊन माझा खांदा मोकळा केला. मी शुद्धीवर आलो तेव्हा आतून कुणी तरी काथ्या पिंजल्यासारखं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, “आम्ही दार उघडलंय. उघडं ठेवणं तुमच्याकडे. रोज हात वर न्या. बोटांनी भिंत चढा. नाहीतर पुन्हा बंद होईल.” स्टेशनमास्तरांनी मला पार्सलच्या खोलीत हलक्या कामाला बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, “बाबू, रेल्वेचे डॉक्टर दोन्ही हात वर करायला लावतील. झाले तर खिडकीवर या. नाही झाले तर मला काही करता येणार नाही.” नोकरी गेली असती तर खोलीही गेली असती. आमचं दुसरं घर कुठे नव्हतं.

आजारपणाला निदान काही मान असतो. माणसं भेटायला येतात, संत्री आणतात. बरं होण्याला काही नसतं. पहिल्या महिन्यात सगळे विचारायचे, “कसा आहे हात?” नंतर विचारणं थांबलं, कारण उत्तर बदलत नव्हतं. सकाळी उठायचं, भिंतीशी उभं राहायचं, बोटं वर सरकवायची, डोळ्यांपुढे काजवे चमकले की थांबायचं. काल जिथे थांबलो तिथेच आज. कधी त्याच्याही खाली. चुन्याची भिंत बोटांनी काळी झाली. मी इतका थकलो होतो की पुष्कळदा वाटे, जाऊ दे, डावा हात आहे.

अशाच एका सकाळी मी व्हरांड्यात भिंत चढत होतो. मागून आवाज आला.

“काय बाबू, पाली मारताय व्हय?”

गेनूभाऊ खाली गल्लीत उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. मी हात भिंतीवरून काढला आणि तो झपकन खाली पडला. कळ मस्तकात गेली.

“बगा,” ते म्हणाले. “चढाला कुनीबी शाना. गाडी चढताना कुनाला मारीत न्हाई. मारती ती उतरताना. तुमचा उतार बेताब्याचा हाय.”

दुसऱ्या दिवसापासून माझा हात त्यांच्याकडे गेला. मी दिला नाही, त्यांनी घेतला.

पद्धत त्यांचीच. ते वर व्हरांड्याच्या कडेला उभे राहत आणि मला खाली गल्लीत, भर रस्त्यात, उभं करीत. माझं मनगट धरून हात वर ओढत. वर नेणं लवकर आटपे. खरा कार्यक्रम पुढेच. हात खाली आणायचा तो टप्प्याटप्प्यानं, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून. टप्प्यांना त्यांनी घाटातली नावं दिली होती. मांडीशी कर्जत, कमरेशी ठाकूरवाडी, छातीशी मंकी हिल, खांद्याशी खंडाळा, आणि डोक्यावर हात गेला म्हणजे लोणावळा. “थांब. ताबा हाय का?” हे माझ्या हाताला विचारायचे. उत्तर मी द्यायचं. हाताला कापरं भरलं की म्हणायचे, “ह्यो खोटं बोलतुय,” आणि पुन्हा वर न्यायचे. तोवर माझा चहा गार व्हायचा आणि शाळेत जाणारी पोरं माझ्याभोवती वळसा घालून जायची.

चारच दिवसांत सगळ्या गल्लीला वेळापत्रक पाठ झालं. नळावरच्या बायका विचारीत, “बाबू, आज गाडी कुठवर?” गवळी दुधाची किटली खाली ठेवून बघत उभा राही. “खंडाळा दिसाय लागला का वं?” आमच्या घरातूनसुद्धा विचारणा होई, “गेनूभाऊ आलेत. चहा आत्ता टाकू, का आधी कर्जतला जाऊन येता?”

पावसाळ्यात तर हाल झाले. लोणावळ्याचा पाऊस आणि धरलेला खांदा यांचं जुनं सख्य आहे. वाटे, आज तरी गेनूभाऊ येणार नाहीत. ते इरलं पांघरून यायचे, इरल्याचं पाणी व्हरांड्यात निथळायचं, आणि गल्लीऐवजी मला पायरीखाली उभं करायचे.

आता सांगून टाकतो. मला त्यांचा कंटाळा आला होता. वीट आला होता. त्यांच्या तंबाखूचा वास आला की खांदा आधीच दुखू लागे. एकदा त्यांची चाहूल लागताच मी मोरीत जाऊन बसलो. घरात बायकोला म्हटलं, “नाहीत म्हणून सांग.” आमच्या घरातून खोटं बोलत नाहीत. बाहेर जाऊन सांगितलं, “ते मोरीत बसलेत.” गेनूभाऊ म्हणाले, “बसू द्या. मला काय घाई हाय?” आणि व्हरांड्यात टेकले. मोरीत बसून बसून माझ्या पायांना मुंग्या आल्या. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी एकदा मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“ताबा हाय का?” एवढंच विचारलं.

आमच्या घरातून तोंडाला पदर लावून आत गेल्या.

असं वर्ष गेलं आणि दुसरं निम्मं सरलं. हात केव्हा वर जाऊ लागला ते मला कळलंच नाही. एक दिवस शेजारच्या मुलाचा पतंग कौलावर अडकला, तो मी काढून दिला, आणि काढून झाल्यावर लक्षात आलं की उजव्या हातानं काढला. गल्लीत टाळ्या पडल्या. गेनूभाऊंनी टाळी वाजवली नाही. “वर गेला ते बगितलं,” म्हणाले. “खाली कसा आनला? झोडपल्यागत. पतंग फाटला.”

मग रेल्वेचे डॉक्टर आले. स्टेशनमास्तरांच्या खोलीत मला सदरा काढायला लावला. “दोन्ही हात वर.” मी वर केले. उजवा थोडा वाकडा गेला, पण गेला. मी सवयीनं सावकाश, थांबत थांबत खाली आणू लागलो, तर डॉक्टर हसले. “अहो, आणा की खाली. काही होत नाही.” कागदावर सही करता करता म्हणाले, “हा रोग मजेदार आहे. बहुतेकांचा वर्षा-दोन वर्षांत आपला आपणच सुटतो. तुम्ही काही केलं नसतंत तरी सुटला असता कदाचित. थोडा उशिरा, इतकंच.”

नोकरी राहिली, खोली राहिली. मी नाचायला हवं होतं. पण घरी येताना त्या चढावर माझ्या अंगात कसलाच आनंद नव्हता. एवढ्या सकाळी, एवढ्या कळा, गावभर झालेलं हसं, आणि कदाचित काही केलं नसतं तरी सुटला असता! पाय ओढत मी चाळीपाशी आलो. व्हरांड्यात गेनूभाऊ उभे. सकाळी परीक्षेच्या गडबडीत आमचा कार्यक्रम राहिला होता.

“झाला न्हवं पास?” त्यांनी विचारलं. बातमी माझ्याआधी पोचली होती.

“झालो.”

“ब्येस. या. आजचा उतार ऱ्हायलाय.”

त्यांनी हात पुढे केला. आणि मी, ज्यानं आयुष्यात कुणाला मोठ्यानं काही सुनावलं नाही, त्यानं त्या म्हाताऱ्याला गल्लीच्या मधोमध सुनावलं.

“पुरे आता, गेनूभाऊ. डॉक्टर म्हणाले, हा आपोआप सुटतो. तुम्ही नसतात तरी सुटलाच असता.”

नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. आमच्या घरातून दाराशी आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या.

गेनूभाऊंनी पुढे केलेला हात मागे घेतला. रागावतील असं मला वाटलं. मला ते हवंही होतं. ते व्हरांड्याच्या कडेवरून सावकाश खाली उतरले आणि माझ्यासमोर गल्लीत उभे राहिले. दीड-पावणेदोन वर्षांत आम्ही दोघे समोरासमोर एका जमिनीवर कधी उभे राहिलो नव्हतो. ते माझ्याएवढेच उंच होते.

“न्हाई सुटत, बाबू,” ते म्हणाले.

त्यांनी बंडीचे बंद सोडले, उजवा खांदा उघडा केला आणि हात वर उचलला. हात छातीपर्यंत आला, जरा वर आला, आणि थांबला. पुढे नुसता खांदाच कानाकडे गेला. हात तिथल्या तिथे.

“वडून बगा.”

मी मनगट धरून हलकेच ओढलं. ते अडणं मला ओळखू आलं. आत दार बंद होतं. आणि तेव्हा एकेक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. हे मला खाली उभं करून स्वतः वर का उभे राहतात. माझा हात डोक्यावर नेताना यांचा स्वतःचा कधीच छातीच्या वर जात नव्हता. मला वाटायचं, विक्षिप्त माणूस, आहे त्याची काही तरी तऱ्हा.

“कधीपासून?” मी विचारलं.

“भागी गेली तवापासनं.”

भागी म्हणजे त्यांची बायको, हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या दिवसांत त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

“खटका वडता वडता धरला,” ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते, पण बघत होते स्वतःच्या हाताकडे. “डागदरला कोन सांगतंय? कामावनं काढत्याल म्हनून गप बसलो. खटका कमरंच्या खालीच असतोय, चालून गेलं. दिव्याला डावा हुता. पर भागीला कळलं. कांबळं घ्येता यीना, तवाच कळलं तिला. रोज पाटं चुलीम्होरं बशिवायची. करंजीचं त्याल कोमट करायची, आन् हात वर न्ह्यायची. लय शिव्या द्यायची. मला न्हाई, हाताला. ‘मेल्या, मोड हवं तर, पर वर जा,’ म्हनायची. हलू हलू याय लागला. आन् मग ती तापाची साथ आली. औंढ्यात घरटी एक न्हेलं.”

हात अजून तसाच समोर धरलेला होता.

“ती गेली तवा हितवर आलता. तितंच ऱ्हायला.”

जे सुचलं ते मी बोलून गेलो. “आपण नेऊ पुढे. मी नेतो. मला सगळं पाठ आहे आता. रोज सकाळी—”

“न्हाई.”

“का नाही?”

“हितवर तिचा हाय,” गेनूभाऊ म्हणाले.

त्यांनी हात खाली आणला. आपल्या पद्धतीनं, सावकाश. बंडीचे बंद एका हातानं आणि दातांनी बांधले आणि चार घरं खाली निघून गेले. नळावर कुणी तरी हंडा उचलला. मी तिथेच उभा होतो.

घरात गेल्यावर मी म्हटलं, “मला कधी दिसलंच नाही गं.”

“मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं,” आमच्या घरातून उत्तर आलं. “चहाचा पेला ते नेहमी डाव्या हातानं घेतात. तुम्ही नुसते आपल्या हाताकडे बघत होता.”

रागानं म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर रुजू झालो. वरच्या खणातून मुंबईची तिकिटं सहज निघत. गेनूभाऊ आमच्याकडे येईनासे झाले. रस्त्यात दिसले की पूर्वीसारखंच बोलत, मला थांबवीत, सोडीत. त्यांनी मनात काही ठेवलेलं दिसत नव्हतं, आणि त्यामुळे माझं मन अधिकच खात असे. क्षमा मागावी तर कोणत्या शब्दांत? ‘तुम्ही नसतात तरी’ हे शब्द परत कसे घ्यायचे?

थंडी पडली. लोणावळ्याची थंडी हाडाला विचारून आत शिरते. एका सकाळी मी आमच्या घरातून कोमट तेलाची वाटी करून घेतली आणि खाली गेलो. गेनूभाऊ आत शेकोटीपाशी बसले होते. मला बघून म्हणाले, “काय वं? पुन्ना धरला का काय?”

“माझा नाही. तुमचा दुखतो का थंडीत?”

“दुखतोय की.”

“मग तेल लावू द्या. वर नेणार नाही.”

ते वाटीकडे बघत राहिले. मला बोलण्याची भीती वाटत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि डाव्या हातानं बंडीची गाठ सोडली.

तेव्हापासून मी रोज सकाळी ड्यूटीच्या आधी जातो. लोक विचारतात, बाबू, आता तुमचा खांदा बरा आहे ना, मग गेनूभाऊंकडे कशाला? मी तेलाची वाटी सांभाळत पुढे जातो. भागी कशी होती, हेही आता हळूहळू कळू लागलं आहे. ती विहिरीत पोहायची. भातलावणीत गाणं ती सांगायची आणि बाकीच्यांनी मागं म्हणायचं. नवऱ्याला ‘पॉइंटमन’ म्हणता येईना म्हणून ‘पावटेमन’ म्हणायची. हे सांगताना गेनूभाऊंची पाठ हसते. तोंड मला दिसत नाही.

तेल मुरलं की मी त्यांचा हात उचलतो. तिथवर येतो. कधी कधी वाटतं, थंडीतही आज जरा सैल आहे, बोटभर पुढे जाईल. पण मी नेत नाही. तिथवर नेतो आणि धरून ठेवतो. खाली केव्हा आणायचा, ते गेनूभाऊ सांगतात.